तुपाच्या डब्यातली हिरवी रेघ

बळीराममामा कुठलीही वस्तू विकत घेण्याआधी उचलून बघतो. पातेलं असो, कोयता असो, नाहीतर रेडिओतला ट्रान्सफॉर्मर असो. दोन्ही हातांनी उचलतो, जराशी वरखाली करतो आणि मगच किंमत विचारतो. पनवेलच्या बाजारातल्या दुकानदारांना त्याची ही खोड ठाऊक आहे.

"गावंड, तराजू आणू का?" असं ते चेष्टेनं विचारतात.

"आणा," मामा म्हणतो. "माझ्यात नि तराजूत फरक निघाला तर तराजू दुरुस्त करून देईन. पैसे नाय घेणार."

ही खोड मिठागरातली. त्याचे वडील काळूरामआजोबा यांनी ओवे गावच्या खाडीकाठी जन्मभर दुसऱ्याच्या मिठागरात मीठ ओढलं. मामा कळता झाल्यापासून डोक्यावर मिठाच्या टोपल्या वाहत होता. ओलं मीठ जड, सुकलेलं हलकं. टोपली डोक्यावर चढली की मीठ किती सुकलंय ते मानेला समजतं, असं तो सांगतो. शाळा चौथीपर्यंत. पुढे महायुद्धात लष्करभरती सुरू झाली तेव्हा बंदूक मिळेल म्हणून तो गेला, आणि त्याच्या हाती आधी झाडू आणि मग रेडिओच्या वर्कशॉपातली, तारांना डाग द्यायची तापती सळई आली. शेजारच्या टेबलावर पनवेलचाच शालोम झिराडकर बसायचा. इस्रायल तळ्याजवळ राहणारा, मॅट्रिक झालेला, त्याच्याहून दोन वर्षांनी मोठा. मामाला इंग्रजी वाचता येत नव्हतं. शालोमनं त्याला रेझिस्टरवरच्या रंगीत पट्ट्यांचे आकडे शिकवले. आज मी इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा घेतलेला माणूस त्या पट्ट्या बोट ठेवून मोजतो, आणि मामा गव्हातले खडे वेचावेत तसे हवे ते रेझिस्टर नुसत्या नजरेनं वेचतो.

लढाई संपल्यावर दोघं परत आले. शालोमला मुंबईत एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली, घर मात्र पनवेललाच राहिलं. मामानं पनवेलच्या बाजारात दाराएवढ्या रुंदीचं दुकान घेतलं आणि वर पाटी लावली, 'गावंड रेडिओ दुरुस्ती'. गावात त्याला बरेच दिवस 'मीठवाल्याचं दुकान' म्हणत. मामाला त्याचं वाईट वाटलं नाही. वाईट वाटायचं ते एकाच गोष्टीचं, आणि तीच इथे सांगायची आहे.

सरकारनं खेड्यापाड्यांना एकेक रेडिओ दिला होता. ओव्याचा रेडिओ चावडीत, लाकडी फळीवर, बॅटरीवर चालणारा. संध्याकाळी माणसं जमायची. बाजारभाव, हवामान, भजन ऐकायची. काळूरामआजोबा सगळ्यांत पुढे. सत्तावन्न सालच्या दिवाळीत तो बंद पडला. या रेडिओंना सरकारी खात्याचं लाखेचं सील असे, खासगी माणसानं ते उघडायचं नाही असा नियम. दुरुस्ती मुंबईला. तिथे कामं साचलेली, त्यामुळे पाळी यायला महिने लागत. आजोबा रोज संध्याकाळी जाऊन त्या मुक्या पेटीसमोर बसत. चावडीतली माणसं म्हणत, "काळूरामदा, तुमचा पोरगा अख्ख्या पनवेलचं रेडिओ बोलतं करतो म्हनं. गावचाच कसा मुका?"

आजोबा पेटीकडेच बघत राहत. घरी येऊन मामाला काही विचारत नसत. मामाला ते न विचारणं लागायचं.

फेब्रुवारीत खात्याचं पत्रक आलं. तालुक्यातल्या एकतीस गावांचे रेडिओ यापुढे तालुक्यातच दुरुस्त करायला द्यायचे, मात्र दुकानात पाच उपकरणं हवीत. तपासनीस अठ्ठावीस मेला येऊन पाहतील. पाचांपैकी चार मामाकडे होती. पाचवं म्हणजे ऑसिलोस्कोप.

एप्रिलच्या सुरुवातीला मी नुकताच मुंबईहून परीक्षा देऊन बेलपाड्याला घरी आलो होतो. माझी आई ओव्याची. बळीराम तिचा चुलतभाऊ. मामानं मला बोलावून घेतलं.

"म्हादू, तू कॉलेजात हे यंत्र वापरलायस ना?"

"वापरलंय."

"मी वर्कशॉपात लांबून बघितलंय. साहेबाच्या खोलीत असायचं. आत जायची मुभा नव्हती. पाचशे रुपये हायत. चल, घेऊ या."

रंभामामी डोळे बारीक करून ऐकत होती. ते पाचशे रुपये घरावर कौलं घालायला ठेवलेले होते. "पन हाय काय त्यात?" तिनं विचारलं.

मामा जमिनीवर बसला आणि बोटानं धुळीत एक उभी रेघ काढली. "उघाडीवरची आप्पांची काठी आठव." उघाडी म्हणजे खाडीचं पाणी मिठागरात घ्यायचं लाकडी दार. त्याच्याशेजारी आजोबांनी खुणांची काठी रोवली होती. पाणी कुठल्या खुणेवर आहे ते बघून दार उघडायचं की नाही ते ठरे. "पानी चढतं, उतरतं. दर घटकेला कुठवर आलं ते मांडलंस तर भरतीचं चित्र निघंल ना? हे यंत्र विजेचं तसं चित्र काढतं. विजेची भरती एका सेकंदात पन्नास वेळा येते, एवढाच फरक."

मामीनं विचार केला. "मंग मीठ कवा काढाचा?"

मामा इतका हसला की बाजूचा शिंपी बघायला आला. मामीनं पैसे दिले. आम्ही निघताना म्हणाली, "कौलं पुढल्या सालाला. पन ती पेटी नीट बघून घ्या. दोघं शिकलेले जाताय."

आम्ही मुंबईला गेलो. रेडिओच्या मोठ्या दुकानांत विलायती ऑसिलोस्कोप काचेमागे होते. किंमत चौदाशेपासून पुढे. विक्रेता सभ्य होता. त्यानं मामाला यंत्र चालवून दाखवलं, मामानं पंधरा मिनिटं डोळे न मिटता पाहिलं, आभार मानले आणि बाहेर आला. "चांगलं हाय," एवढंच म्हणाला.

मग आम्ही भंगारबाजारात गेलो. तिथे लढाईतल्या विमानांतून काढलेलं सामान ढिगानं पडलेलं. एका गाळ्यात मला ते दिसलं. गोल पडदा, सहा इंच व्यासाचा, काळ्या सुरेख पेटीत, पुढे दहा-बारा बटणं. किंमत पावणेतीनशे. कॉलेजातल्या आमच्या ऑसिलोस्कोपचा पडदा याच्या निम्माही नव्हता. मी मामाचा दंड धरला.

"मामा, हेच."

मामानं ते उचललं. एकदा वर, एकदा खाली. परत ठेवलं.

"हलका हाय."

"पेटी अॅल्युमिनियमची आहे, मामा. विमानातली वस्तू."

"पेटी राहू दे. एवढ्या नळीला वीज पुरवायची तर ट्रान्सफॉर्मरात दोन शेर तरी लोखंड पायजे. यात अर्धा शेर नाय. ते कसं भागवलंय?"

मी खाली वाकून मागचा धातूचा बिल्ला पुसला आणि वाचला. ऐंशी व्होल्ट. पंधराशे सायकल. माझे कान गरम झाले. विमानातली वीज आपल्या विजेच्या तीस पट वेगानं थरथरते, म्हणून तिला थोडं लोखंड पुरतं. पनवेलची पन्नास सायकलची वीज त्यात सोडली असती तर दोन-चार मिनिटांत ट्रान्सफॉर्मरचा कोळसा झाला असता. याच सूत्रावर मला मागच्या वर्षीच्या परीक्षेत पैकीच्या पैकी गुण होते.

"भाचा शिकलेला दिसतोय," गाळेवाला म्हणाला. त्यात शाबासकी नव्हती.

"शिकतोय," मामा म्हणाला. "मी पन शिकतोय. चल रे."

परतीच्या एस.टी.त मी खिडकीबाहेरच बघत बसलो. मामानं मला दोन केळी दिली आणि म्हणाला, "आता शालोमकडं."

"त्यांच्याकडे काय आहे?"

"त्यानं एक बनवलंय. मागं विषय काढला तवा तो द्यायला तयार नव्हता."

शालोमकाकांचं कुटुंब जूनच्या बोटीनं इस्रायलला जायचं होतं. आम्ही गेलो तो शनिवार, ज्यूंचा कामाला हात न लावायचा दिवस. काका ओट्यावर बसले होते. "आज नाही, बळीराम," ते म्हणाले. "आज मी बटणाला हात लावत नाही, तुला माहीत आहे. आणि खरं म्हणजे उद्याही येऊ नकोस. ती वस्तू बरोबर नाही."

"बरोबर नसलेल्याच वस्तू माझ्याकडं येतात. उद्या येतो."

रविवारी गेलो. ऑसिलोस्कोप मधल्या खोलीत टेबलावर होता आणि तो पाहून माझं मन खट्टू झालं. पेटी तुपाच्या डब्यांचा पत्रा कापून केलेली. मागच्या अंगाला तुपाच्या व्यापाऱ्याचं अर्धं नाव आणि गाईचं शेपूट अजून दिसत होतं. पडदा तीन इंची. बटणं तीन वेगवेगळ्या रेडिओंतली. मामानं आधी ते उचललं. वर, खाली. या वेळी त्यानं पसंतीची मान हलवली.

शालोमकाकांनी ते सुरू केलं. नळी तापली, पडद्यावर हिरवी रेघ आली. रेघ कसली, बोटाएवढा जाड हिरवा पट्टा.

"पाहिलंस?" काका म्हणाले. "पाच वर्षं खपलो. ट्रान्सफॉर्मर तीनदा जागचा हलवला, नळीला लोखंडी कवच केलं, सगळे कंडेन्सर बदलले. कधी रेघ दोऱ्याएवढी बारीक येते आणि वाटतं जमलं. पुन्हा महिन्या-दोन महिन्यांनी ही अशी. म्हणून तुला द्यायची लाज वाटते. पाहिजेच असेल तर सुट्या भागांचे दीडशे दे आणि ने."

दीडशे. मामानं तेव्हा नुसतं हो म्हटलं असतं तरी काम झालं असतं.

"लिहून ठेवलंयस का? कधी बारीक, कधी जाड?" त्यानं विचारलं.

शालोमकाका लिहून ठेवणारे गृहस्थ. त्यांनी वही आणली. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी एक ओळ. मामानं मला वाचायला सांगितलं आणि डोळे मिटून घेतले. मी वाचत गेलो. जुलै, दोऱ्याएवढी. ऑगस्ट, दोऱ्याएवढी. नोव्हेंबर, काडीएवढी. फेब्रुवारी, पेन्सिलीएवढी. एप्रिल, बोटाएवढी. पुढच्या वर्षी जुलैत पुन्हा दोरा. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच.

"तुझी अर्थिंगची तार कुठं जाते?" मामानं डोळे उघडले.

"परसात. शेवग्याखाली नळाचा तुकडा पुरलाय."

मामा परसात गेला. माती वाळून भेगाळलेली होती. त्यानं बोटानं उकरली, चिमूटभर जिभेवर ठेवली आणि थुंकली. मग स्वयंपाकघराच्या दारात जाऊन शालोमकाकांच्या बायकोला, मिरियमकाकूंना म्हणाला, "वहिनी, दोन मुठी खडेमीठ आणि एक कळशी पानी द्या."

"का हो? यंत्राला दृष्ट लागली म्हणता की काय?" काकू म्हणाल्या, पण दिलं.

मामानं पाण्यात मीठ विरघळवलं आणि नळाच्या भोवती हळूहळू ओतू लागला. मी खिडकीतून पडद्याकडे पाहत होतो. हिरवा पट्टा थरथरला. दोन्ही कडांनी आत यायला लागला. पेन्सिल झाली. काडी झाली. कळशी रिकामी झाली तेव्हा पडद्यावर दोरा होता, सरळ, कडा धारदार.

शालोमकाका खुर्चीत बसले. त्यांनी पाच वर्षं दोष यंत्रात शोधला होता आणि दोष अंगणात होता. सुकी माती वीज नेत नाही. जमिनीशी नातं तुटलं की पत्र्याची पेटी घरातल्या विजेची सगळी गुणगुण गोळा करते, आणि रेघ फुगते. पावसात माती भिजली की सगळं आपोआप ठीक.

"आमच्या पायांखाली कायम खारं पानी," मामा म्हणाला. "ते कोरडं पडलं की काय होतं ते आमाला पहिलं कळतं. तुझं यंत्र चोख हाय, शालोम. पहिल्या दिवसापासून चोख होतं."

मग त्यानं साडेतीनशे रुपये मोजून टेबलावर ठेवले.

"मी दीडशे म्हणालो होतो."

"ते बिघडलेल्याचे. हे बिघडलेलं नाय."

दोघांचं बरंच चाललं. शेवटी मिरियमकाकूंनीच नोटा उचलून पेटीत ठेवल्या आणि म्हणाल्या, "घ्या आता. नाहीतर बोट सुटेल आणि तुम्ही दोघं इथेच भांडत बसाल."

हातगाडी बोलावू या म्हटलं तर मामानं ऐकलं नाही. काकूंच्या टॉवेलाची चुंबळ केली, डोक्यावर ठेवली आणि आम्ही दोघांनी ऑसिलोस्कोप वर चढवून दिला. लहानपणी टोपली वाहायचा तसाच तो भर बाजारातून ताठ मानेनं चालत गेला. लोक विचारत होते, "काय बळीराम, तुपाचा डबा का?" मामा म्हणत होता, "हो. घरचं हाय."

दुकानामागे नवं अर्थिंग करायचं ठरलं. मी पुस्तक काढून वाचलं: आठ फुटी लोखंडी नळ, खड्ड्यात कोळसा आणि मीठ, मीठ अंदाजे एक टोपली. मामानं ओव्याहून तीन टोपल्या आणल्या. "एक पुरे, मामा," मी म्हणालो.

"मिठाची कंजूषी आमच्यात करत नाय. ते वाण्याकडं."

नळाच्या डोक्याला तांब्याची तार बांधली, खड्डा भरला, रोज ओव्याहून जेवण घेऊन येणारी मामी हंडाभर पाणी ओतू लागली. रेघ अशी बारीक आली की तिला पडद्यावर शोधावी लागे. पुढचे सहा आठवडे मामा रोज संध्याकाळी गिऱ्हाईक संपलं की त्या तीन इंची पडद्यासमोर बसे. बॅटरीच्या रेडिओत व्हायब्रेटर नावाची एक डबी असते. बॅटरीची वीज सपाट; डबीतली पत्ती सेकंदाला शंभरदा थरथरून तिला लाटा आणते, म्हणून रेडिओ बोलतो. पत्तीची टोकं झिजली की खेड्यातला रेडिओ मुका होतो. ती झीज मीटरच्या काट्यावर दिसत नाही, लाटेच्या आकारात दिसते. मामानं जुन्या मोटारींच्या रेडिओंतले चाळीसएक व्हायब्रेटर जमवले, एकेकाची लाट पाहिली, मग डबी कापून टोकं पाहिली. मी आकृत्या काढून दिल्या. त्याला त्यांची गरज पडली नाही. टोपलीचं वजन मान लक्षात ठेवते, तशा लाटा त्याच्या डोळ्यांनी लक्षात ठेवल्या.

अठ्ठावीस मेला सकाळी तपासनीस साहेब आले. चष्मा, छत्री, बगलेत फाइल. दुकानात तीन माणसं उभी राहिली की चौथ्याला जागा नसे. मी दारात उभा होतो. साहेबांनी चार उपकरणं पाहून खुणा केल्या. "आणि ऑसिलोस्कोप?"

मामानं फडकं काढलं. साहेबांनी तुपाच्या डब्याकडे पाहिलं, गाईच्या शेपटाकडे पाहिलं. मामानं बटण फिरवलं. नळी तापली.

पडद्यावर बोटाएवढा जाड पट्टा.

मामानं एकदा बटण खालीवर केलं. पट्टा तसाच. आदल्या संध्याकाळी हीच रेघ दोऱ्यासारखी होती.

"हे असंच दिसतं का?" साहेबांनी विचारलं.

"नाय साहेब. हे चुकीचं दिसतंय," मामा शांतपणे म्हणाला. "पाच मिनिटं बसा."

तो मागच्या दारानं गेला, मी मागोमाग. त्यानं खड्ड्यातली माती बाजूला केली आणि तार ओढली. तार सहज हातात आली. टोकाला तांबडा चिखल. नळाचं तोंड जिथे तार बांधली होती तिथे गंजून पापुद्र्यासारखं सुटलं होतं. लोखंड, तांबं आणि खारं पाणी एकत्र आलं की त्याची बॅटरीच होते आणि लोखंड झपाट्यानं खाल्लं जातं. हाही धडा माझ्याच पुस्तकात होता, पुढच्या प्रकरणात. तीन टोपल्यांनी ते काम सहा आठवड्यांत उरकलं होतं.

मामा तो चिखल बघत उकिडवा बसला. "आप्पा उघाडीला एक खिळा मारू देत नव्हते," तो म्हणाला. "सगळ्या लाकडी खुंट्या. मिठाजवळ लोखंड न्यायचं नाय, हे मना चालता येत नव्हतं तवापासून माहीत हाय. आणि मी तिथंच नळ पुरला, आणि वर तीन टोपल्या घातल्या."

तेवढ्यात रंभामामी साहेबांच्या चहासाठी पाणी घेऊन आली. कमरेवर तांब्याचा हंडा. तिनं मामाचा चेहरा पाहिला, हातातली तार पाहिली.

"काय झालं?"

"लोखंड खाल्लं मिठानं."

"मंग तांबा खातो का?"

मामानं वर पाहिलं. तो हंडा तिच्या माहेरचा, लग्नातला. कडेला तिच्या आईचं नाव ठोकलेलं. "खातो, पन लोखंडापेक्षा लई हळू. रंभा, दुसरा तांब्याचा पत्रा बघतो मी, दुकानात..."

"साहेब बसलाय," मामी म्हणाली. तिनं हंडा खड्ड्यावर उलटा केला, सगळं पाणी मिठात ओतलं आणि रिकामा हंडा त्याच्यापुढे ठेवला. "आप्पा रोज चावडीत बसतात ते मी पन बघतेय."

मामानं तार हंड्याच्या गळ्याभोवती सात-आठ वेढे देऊन आवळली. हंडा खड्ड्यात दाबला, आत-बाहेर ओला खारा चिखल भरला, पायांनी तुडवला. उठलो तेव्हा दिसलं की साहेब मागच्या दारात उभे आहेत. किती वेळ, कुणास ठाऊक.

"काय बिघडलं होतं?"

"मीठ जास्त झालं होतं, साहेब. माझीच चूक."

साहेबांनी चष्मा पुसला. "ही तक्रार मी आजवर जेवतानाच ऐकली होती," ते म्हणाले.

आत आलो. रेघ दोऱ्याएवढी. साहेबांनी पिशवीतून दोन व्हायब्रेटर काढले, बाहेरून अगदी सारखे. "यातला एक चांगला आहे, एक वाईट. सांगा."

मामानं पहिला जोडला. पडद्यावर लाट उभी राहिली, चौकोनी खांद्यांची. त्यानं डोकं जरा कलतं केलं. दुसरा जोडला. लाटेच्या एका खांद्यावर दातरं दिसत होती.

"हा दुसरा वाईट. याची एका बाजूची टोकं जळलीत." त्यानं पुन्हा पहिला जोडला. "आणि हा चांगला म्हणताय तो पन दोन महिन्यांचा सोबती. हे बघा, इथं खांदा पडायला लागलाय. रेडिओ आज बोलंल, पन पावसाळ्यात बंद पडंल."

"तो नवा आहे," साहेब म्हणाले.

"कापून बघू?"

साहेबांनी हो म्हटलं. मामानं डबी कापली, पत्ती भिंगाखाली धरली आणि भिंग साहेबांकडे दिलं. साहेब बराच वेळ पाहत होते. पत्तीचं एक टोक तिरकं बसलं होतं आणि एका कडेला काळं पडायला लागलं होतं. त्यांनी भिंग खाली ठेवलं, फाइल उघडली आणि लिहू लागले. एका रकान्यापाशी थांबले.

"ऑसिलोस्कोप. बनावट कुठली?"

"शालोम झिराडकर, इस्रायल तळं, पनवेल," मामा म्हणाला.

साहेबांनी पेन उचललेलंच ठेवलं. मामा हलला नाही. मग त्यांनी ते जसंच्या तसं लिहिलं. शालोमकाका बोटीवर चढले तेव्हा साहेबांच्या त्या तपासणी-पत्रकाची नक्कल त्यांच्या ट्रंकेत सगळ्यांत वर, कपड्यांच्या घडीत होती. ती मी सुवाच्य अक्षरात करून दिली होती.

मंजुरीचं पत्र जूनमध्ये आलं. मामानं पहिला रेडिओ आणला तो ओव्याचा. सील फोडताना त्यानं पत्र समोर ठेवलं होतं, पाहायला कुणी नसतानाही. व्हायब्रेटरच, टोकं पार गेलेली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही तो परत नेला. चावडी भरली होती. नेहमी टोमणा मारणारी माणसं आज फळी पुसत होती.

मामानं रेडिओ फळीवर ठेवायला उचलला, तर काळूरामआजोबा म्हणाले, "थांब. मना दे."

त्यांनी तो दोन्ही हातांत घेतला. ऐंशीच्या घरातला माणूस. जरासा वर, जरासा खाली.

"वजन तेवढंच हाय," ते म्हणाले. "आतलं काय काढून घेतलं नाय पोरानं."

मग स्वतःच तो फळीवर ठेवला आणि आपल्या जागी, सगळ्यांत पुढे, जाऊन बसले. मामानं बटण फिरवलं.

हंडा अजून दुकानामागे जमिनीत आहे. दर दोन वर्षांनी मामा तो उकरून तार बघतो. मीठ आता एकच टोपली.